ब गटाचं तूप

१० नोव्हेंबर २०२४
पनवेल

चारुता,

आशीर्वादाने सुरुवात करते, तेवढी सवय अजून सुटलेली नाही. तुझा फोन दोन वर्षांपासून एकदा वाजतो आणि बंद होतो. आमची पूर्वी म्हणते, "आई, याला ब्लॉक करणं म्हणतात." मी म्हटलं, नंबर बदलला असेल, संशोधनाची माणसं गावोगाव फिरतात. शेवटी पत्र लिहायला घेतलं. बेंगळुरूचा पत्ता मनिषाने दिला.

मनिषा तुला माहीत नसेल. तू गेल्यानंतर ती तुझ्या गाइड सरांकडे संशोधनाला आली. तिचा कुत्रा मी सांभाळते. कॉलेजातून काढल्यापासून मी नवीन पनवेलला कुत्र्यांच्या पाळणाघरात असते. मालक फिरायला गेले की त्यांची कुत्री आमच्याकडे. चौदा वर्षं प्रयोगशाळेत पांढरे उंदीर सांभाळले, आता कुत्री, म्हणजे बढतीच म्हणायची. तर ही मनिषा परवा कुत्रा न्यायला आली आणि म्हणाली, "तुम्ही त्या कुमुदताई का? अहो, तुमच्या तुपावर चारुताचा पेपर छापून आलाय." तिने तो मोबाइलवर दाखवला आणि घरी गेल्यावर पूर्वीने वाचून समजावला. विड्याच्या पानासकट कढवलेलं तूप खवट होत नाही आणि खाणाऱ्याच्या यकृतातली एन्झाइम सुखरूप राहतात, असा त्याचा सारांश.

पान. मी कपाळावर हात मारून घेतला. दोन वर्षं डोकं फोडत होते की त्या तुपाला झालं काय.

तुझं काम तू मला सांगितलंस तेव्हा फार सोपं वाटलं होतं. तूप तापवायचं, त्यात आठ दिवस पंपाने हवा सोडायची, म्हणजे ते खवट होतं. ते ब गटाच्या बारा उंदरांना द्यायचं. तेच तूप, वर ई जीवनसत्त्व घालून, क गटाच्या बारांना. तू म्हणायचीस, एन्झाइम म्हणजे यकृतातले शिफ्टवाले, तळोज्याच्या कंपनीत पूर्वीचे बाबा आहेत तसे, पोटात आलेलं विष उचलून बाहेर काढणारे. खवट चरबी त्यांना चावते आणि ते कामातून जातात. अँटिऑक्सिडंट मध्ये पडतो आणि तो चावा स्वतःवर घेतो. म्हणजे ब गट बिघडणार, क गट वाचणार. आणि झालं भलतंच. ब गटही ठणठणीत निघाला. दोन्ही गटांत फरक नाही, तयारीसकट तुझे आठ महिने पाण्यात. सरांनी उरलेलं तूप तपासायला पाठवलं, त्यात तुपाबाहेरचं काहीतरी सापडलं. आणि ते तूप आमच्या घरचं होतं. दुकानच्या तुपाचा भरवसा नाही, ताई, तुम्ही घरीच काढा, असं तूच म्हणाली होतीस.

आता तुलाही कळलंय आणि मलाही, की ते पान होतं. मग एक काम कर. कॉलेजला दोन ओळी लिही. माझ्या अनुभवाच्या दाखल्यावर त्यांनी लिहिलंय, "प्राण्यांच्या आहारात भेसळ केल्याचे आढळल्याने सेवा समाप्त." भेसळ हा शब्द मला तिथून काढून हवा आहे. तळोज्याला एका कंपनीच्या प्रयोगशाळेत प्राणी सांभाळायला बाई हवी आहे. अर्ज फेब्रुवारीअखेर, वयाची अट पंचेचाळीस, आणि मी एप्रिलमध्ये पंचेचाळीसची होते. हा दाखला घेऊन गेले तर दारातूनच परत.

नोकरीचं राहू दे. आमच्या गावात नवरात्रातला गावदेवीचा दिवा आमच्या घरच्या तुपावर चालायचा, सासूबाईंच्या सासूपासून. यंदा तिसरं वर्ष, बाहेरून डबा आणतात. तोंडावर कोणी काही बोलत नाही. बोलले असते तर बरं झालं असतं, मला भांडता येतं.

लेख लिहिलास याचा मला आनंदच आहे. पानाने नाव काढलं. उत्तर लवकर पाठव.

तुझी,
कुमुदताई


८ डिसेंबर २०२४

चारुता,

पत्र पोचल्याची पावती आली, उत्तर नाही. कामात असशील. मी काही रागावलेली नाही, म्हणजे थोडी आहे. सासूबाई म्हणायच्या, "कुमुद, तूप तुजं चांगलं, पन तोंड खवट हाय." त्या तोंडाला सांभाळून लिहिते आहे.

तुला वाटत असेल की चौकशीत मी खोटं का बोलले. म्हणून सांगते. सरांनी विचारलं, "तुपात काही मिसळलंत का?" मी म्हटलं, नाही. त्यांच्या शेजारच्या बाईंनी विचारलं, "काही घातलंत?" नाही. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी जरा चढ्या आवाजात म्हटलं, शुद्ध तूप आहे साहेब, माझ्या म्हशीचं. मग त्यांनी तपासणीचा कागद माझ्यापुढे सरकवला, आणि खोटारडी म्हणून माझ्याकडे बघितलं.

आता तू सांग. पान कोणी मिसळतं का? लोणी कढत आलं की पान सोडायचं आणि तूप गाळायच्या आधी ते काढून टाकायचं. मीठ घालतात, साखर घालतात, ते आत राहतं. जे काढून टाकलं ते घातलं कसं म्हणणार? आणि खरं सांगायचं तर ते माझ्या डोक्यातच आलं नाही. लोणी कढवायला चूल पेटवलीत का असं विचारलं असतं तर तेही आठवून सांगितलं नसतं. सासूबाईंना मी लग्नानंतर पहिल्यांदा विचारलं होतं, पान कशाला? त्या म्हणाल्या, "पान नाय तं त्ये तूप हाय का?" झालं, विषय संपला. पंचवीस वर्षांत पुन्हा विचारावंसं वाटलं नाही. मागच्या मोरीजवळ शेवग्यावर वेल चढवलेला आहे, हात लांबवायचा आणि तोडायचं. तू हसली होतीस, पनवेलची पानवेल म्हणून.

त्या दिवशी तुझं लिहिलेलं निवेदन वाचून दाखवलं. "तुपात काय घातले गेले याची मला कल्पना नाही." तू वही मिटून टेबलाच्या पलीकडे बसली होतीस, माझ्याकडे बघत नव्हतीस. मला तेव्हाही तुझा राग आला नाही. तुला तरी कुठे कल्पना होती? तूप कढवलं तेव्हा तू आमच्याकडे आली होतीस खरी, पण बाहेर रेडकाशी खेळत होतीस, मग तुला फोन आला. असंच काहीतरी. कोणता दिवस होता तेही आता नीट आठवत नाही.

सरांनी तुला तसं लिहायला लावलं असणार. सर कधी प्राण्यांच्या खोलीत आले तर नाकाला रुमाल लावून यायचे. ज्या माणसाला उंदरांचा वास सहन होत नाही त्याला त्यांना सांभाळणारी बाई काय कळणार?

दोनच ओळी लिहायच्या आहेत, चारुता. अर्जाला अजून अडीच महिने आहेत.

कुमुदताई


२७ डिसेंबर २०२४

चारुता,

आज तुझं कुरिअर आलं. पाकिटावर तुझं अक्षर बघून पाळणाघरातल्या बाकीच्या बायकांना दाखवत सुटले, ही माझी मुलगी, बेंगळुरूला शास्त्रज्ञ आहे. मुलगी म्हटलं, चुकून नाही. तीन वर्षं माझ्या डब्यातलं खाल्लंस, वाकट्यांचं कालवण खायला शिकलीस, तापाने फणफणलीस तेव्हा आमच्याकडे चार दिवस झोपून होतीस. पूर्वीला तेव्हा तुझा हेवा वाटायचा.

पाकीट घरी आणून उघडलं. तुझी चिठ्ठी, एक टाइप केलेला कागद आणि तुझ्या प्रयोगवहीच्या एका पानाची झेरॉक्स.

चिठ्ठीत म्हणतेस की लेखावर कोणीतरी शंका काढली आहे. पान आधीपासून ठरवून वापरलं होतं, की नंतर सुचलं? छापणाऱ्यांना पुरावा हवा आहे. म्हणून वहीतलं पान आणि माझं निवेदन. "ताई, एवढी सही करून पाठवा, मग मी कॉलेजशी नक्की बोलते."

निवेदन मी तीनदा वाचलं. "मी, कुमुद महादेव घरत, असे लिहून देते की चारुता मॅडम यांच्या सूचनेनुसार, प्रयोगाच्या आखणीचा भाग म्हणून, मी लोणी कढवताना त्यात नागवेलीचे एक पान टाकले." छान मराठी आहे. फक्त तू मला अशी सूचना दिली नव्हतीस.

आणि यात भेसळीबद्दल काहीच नाही. मला वाटलं दुसरा कागद पाकिटात अडकला असेल म्हणून पाकीट उलटं करून झटकलं.

पूर्वी म्हणाली, "आई, सही करायची नाय." मी तिला गप्प केलं. खरं सांगू का, मी करणारच होते. एक सही. पोरीची नोकरी त्यावर अडली आहे, आणि सूचना तिने दिली काय नि सासूबाईंनी दिली काय, पान तर पडलंच होतं. पेनसुद्धा हातात घेतलं होतं. मग म्हटलं, आधी तुला विचारावं. सही केल्यावर तो शब्द नक्की जाईल ना? कॉलेजशी बोलशील ती तारीख कळव. नुसतं "बोलते" याला आमच्याकडे कोणी विचारत नाही.

वहीचं पान इंग्रजीत आहे आणि अक्षर बारीक. चष्मा सापडत नाही, म्हणून वाचलं नाही. उद्या बघते.

कुमुदताई


२९ डिसेंबर २०२४

चारुता मॅडम यांना,

चष्मा गळ्यातच होता. पान वाचायचं नव्हतं म्हणून तसं लिहिलं.

आज वाचलं. पूर्वीची गरज लागली नाही. चौदा वर्षं उंदरांचे तक्ते भरले आहेत, तेवढं इंग्रजी येतं. वर तारीख आहे, १४ जून २०२२. खाली तुमच्या अक्षरात लिहिलंय की कुमुदताईंनी लोणी कढताना विड्याचं एक पान टाकलं, कारण विचारल्यावर म्हणाल्या, तूप खवट होत नाही. गावातल्या बायका म्हणतात तेच मी सांगितलं असणार. त्या ओळीखाली तुम्ही दोन रेघा ओढल्या आहेत.

चौकशी झाली २१ सप्टेंबरला.

तीन महिने आणि सात दिवस. बोटांवर मोजले, मग भिंतीवरच्या कॅलेंडरने मोजले. तुमच्या वहीत ते लिहिलेलं होतं, आणि ती वही तुमच्यासमोर टेबलावर मिटलेली होती. मी तीन वेळा नाही म्हटलं. तीन वेळा तुम्ही ऐकलंत. नुसती वही उघडली असतीत तरी पुरे होतं, तोंडही उघडावं लागलं नसतं.

छापणाऱ्यांना तुम्ही शहाण्या आहात हे पटवायला तुम्ही ही झेरॉक्स काढलीत. हीच झेरॉक्स मला पाठवताना हातही थांबला नाही. मी तारीख वाचेन असं वाटलंच नसेल. उंदरांची घाण काढणारी बाई, ती कुठे तारखा बघणार?

मागच्या एका पत्रात मी लिहिलं होतं की तुम्ही बाहेर रेडकाशी खेळत होतात. तेही खोटं. तुम्ही चुलीशी माझ्या शेजारी उभ्या होतात. १४ जूनला वटपौर्णिमा होती, माझा उपास होता. पान कुरकुरीत होऊन वर आलं ते मी पळीने काढलं. घरात ते पोरं मीठ लावून खातात. पूर्वी कॉलेजात होती, म्हणून ते तुम्ही खाल्लंत. "ताई, हे तर पापडासारखं लागतं." मला हे सगळं चौकशीच्या दिवशीसुद्धा आठवायला हवं होतं. तेव्हा आठवलं नाही. लेखाचं कळल्यावर मात्र त्याच दिवशी आठवलं, आणि मी ते दाबून टाकलं. स्वतःला सांगितलं, पोरगी विसरली असेल, तिला शेकडो गोष्टी लक्षात ठेवायच्या असतात. विसरली म्हटलं की मला झोप लागायची.

तुम्ही विसरला नव्हतात. तुम्ही तर लिहून ठेवलं होतं.

खाल्ल्या घरचे वासे मोजणं म्हणतात ते मी ऐकलं होतं. तुम्ही वासे मोजून वहीत मांडून ठेवलेत. दुसऱ्या कोणी केलं असतं तर मी शिव्या घालून मोकळी झाले असते. केसाने गळा कापला की आधी कळतच नाही, दोन वर्षांनी मान वळवायला गेलं की कळतं.

आता अँटिऑक्सिडंट म्हणजे काय ते मला नीट समजलं. त्याला मध्ये घालायचं, चावा त्याला बसतो, आणि ते संपलं की कोणी त्याचं नाव घेत नाही. तुमच्या लेखात शेवटी आभाराची जागा आहे. पूर्वीने वाचून दाखवली. सरांचे आभार, दोन संस्थांचे आभार, "स्थानिक घरगुती परंपरेचे" आभार. परंपरेला नाव असतं, मॅडम. माझ्या सासूबाईंचं नाव कमळाबाई.

सही करणार नाही.

कुमुद घरत


१९ जानेवारी २०२५

चारुता,

तुम्ही-तुम्ही करायचं ठरवलं होतं. मागच्या रविवारी तू आमच्या ओट्यावर बसून रडलीस, त्यानंतर ते जमत नाही. जमायला हवं होतं.

तू विमानाने येशील असं वाटलं नव्हतं. नवीन नंबरावरून फोन करून रस्ता विचारलास, तेव्हा मला हसू आलं. इतक्या वेळा आलेलं घर. पण आता गावाभोवती टॉवर झालेत, वळण सापडत नाही, हेही खरं आहे.

त्या दिवशी मी फार बोलले नाही, म्हणून आता लिहिते. तू म्हणालीस, "ताई, सरांनी सांगितलं होतं, एक तर त्या बाईंची चूक आहे, नाहीतर तुझी. तुझी असेल तर फेलोशिप बंद. मी काय करणार होते?" मी तुझ्या जागी स्वतःला ठेवून पाहिलं. सव्वीस वर्षांची मुलगी, वडील नाहीत, परक्या गावात. घाबरली असशील. ते मला समजतं.

मग तू म्हणालीस, "मला वाटलं तुम्हाला काय, दुसरं काम मिळेलच." ते मला समजत नाही. रात्रंदिवस माझ्याबरोबर त्या खोलीत बसलीस. उंदराच्या अंगावरचे केस जरा उभे दिसले की तो आजारी पडणार हे मी दोन दिवस आधी सांगायचे आणि तू वहीत लिहायचीस. यकृत काढायच्या दिवशी मी त्यांना हातात धरायचे, कारण माझ्या हातात ते थरथरत नसत. तुला हे काम माझ्यासाठी काय होतं ते ठाऊक होतं. सरांना नव्हतं, कॉलेजला नव्हतं, तुला होतं. तरी तू म्हणालीस, दुसरं काम मिळेलच.

तू म्हणालीस, "तुम्ही सही केली नाहीत तर लेख जाईल, आणि माझी इथली जागाही." आणि सही केली तर कॉलेजला पत्र लिहून देशील. म्हणजे माझ्या दाखल्यावरचा तो शब्द तुझ्या मुठीत, आणि तो सोडवायला मी खोटं बोलायचं. पूर्वीचे बाबा आत होते. ते कधी मध्ये बोलत नाहीत. तू गेल्यावर म्हणाले, "आता ती खरं सांगील तं तिचं जातंय, नाय सांगील तं तुजं. पन गेलं तुजं पयलं." एवढं बोलून ते दुसऱ्या पाळीला निघून गेले.

काल मी दोन पाकिटं पाठवली. एक कॉलेजला, एक लेख छापणाऱ्यांना. त्यातलं इंग्रजी मनिषाने करून दिलं. दोन्हींत तुझ्या वहीच्या पानाची झेरॉक्स जोडली आहे. माझं निवेदन हे असं:

"मी, कुमुद महादेव घरत, लिहून देते की ब गटासाठीचे तूप मी १४ जून २०२२ रोजी माझ्या घरी केले. लोणी कढताना त्यात विड्याचे एक पान टाकले व तूप गाळण्यापूर्वी काढले. असे मी नेहमीच करते. तसे करण्याची सूचना मला कोणी दिली नव्हती. पान टाकताना चारुता मॅडम हजर होत्या व त्यांनी त्याची नोंद केली. २१ सप्टेंबरच्या चौकशीत मला विचारले असता मी नाही म्हटले, कारण पान हे तुपात मिसळले असे मला वाटत नव्हते व आजही वाटत नाही. चारुता मॅडम त्या वेळी समोर बसल्या होत्या. ही भेसळ नव्हती. तो शब्द काढावा."

पूर्वीला यात आणखी बरंच घालायचं होतं. मी घालू दिलं नाही. जेवढं झालं तेवढंच लिहिलंय.

मला वाटलं होतं, पाकिटं टाकली की बरं वाटेल. पोस्टातून बाहेर आले आणि रिक्षाच्या रांगेत उभी राहून रडले. रागाने नाही. एक गोष्ट वहीचं पान वाचल्यापासून मनात होती, ती तू गेल्यावर मला शब्दांत सापडली. चौकशीच्या आदल्या दिवशी तू माझ्याकडे आली असतीस आणि म्हणाली असतीस, ताई, ते पान होतं, पण बोलू नका, माझी फेलोशिप जाईल, तर मी बोलले नसते. देवाशपथ नसते बोलले. नोकरी सोडली असती, लोकांना काहीतरी सांगितलं असतं, आणि तुझा डबाही चालू ठेवला असता. मागितलं असतंस तर ते तुझंच होतं. तू न विचारता घेतलंस.

कुमुद


४ मार्च २०२५

चारुता,

हे शेवटचं पत्र. कामाचं आहे, म्हणून लिहिते.

कॉलेजचा नवा दाखला आला. भेसळीची ओळ गेली. आता लिहिलंय, "सेवा समाधानकारक." चौदा वर्षांना एक शब्द, पण चालेल. तो शब्द बघायला सासूबाई नाहीत. गावदेवीच्या पुजाऱ्यांना मी दाखला दाखवला नाही. तूप न्यायचं तर माझ्या तोंडावर विश्वास ठेवून न्यावं, कागद बघून नको. तुझा लेख मागे घेतल्याचं मनिषाने सांगितलं. तुझ्या जागेचं काय झालं ते तिला माहीत नाही, आणि मी विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही असंही म्हणता येईल.

अर्ज वेळेत गेला. काल तळोज्याला मुलाखत झाली. मुलाखत घेणाऱ्या बाई सभ्य होत्या, प्राण्यांची खोली दाखवली. तिथे कोपऱ्यातल्या पिंजऱ्यात एक उंदीर पाठ कमानीसारखी करून बसला होता. मी म्हटलं, याचे दात वाढलेत, याला खाता येत नाही. त्यांनी बघितलं तर खरंच तसं होतं. मला वाटलं, झालं काम.

मग त्यांनी एक कागद भरायला दिला. सगळं भरलं. शेवटी एक रकाना होता: तुमचं काम ज्यांनी जवळून पाहिलं आहे अशा एका व्यक्तीचं नाव आणि फोन. घरातलं माणूस चालणार नाही. मी सरांचं नाव लिहायला घेतलं आणि थांबले. सरांनी माझं काम कधी पाहिलंय? तुझ्याआधीच्या मुलांची नावं आठवून पाहिली. ती यायची, यकृतं घेऊन जायची. पिंजऱ्यापाशी बसून माझं काम बघितलेलं माणूस चौदा वर्षांत एकच होतं. बाई वाट बघत होत्या. मी तुझं नाव लिहिलं, आणि जानेवारीत तू रस्ता विचारायला ज्यावरून फोन केला होतास तो नंबर.

आता तुला काय बोलायचं ते तू ठरव. मी माझ्याबद्दल चांगलं सांग म्हणत नाही. तू माझं काही देणं लागतेस असंही समजून बोलू नकोस. त्या तुला विचारतील, ही बाई कशी आहे, तुम्ही तिचं काम पाहिलंय का. पाहिलंस ते सांग. एवढंच काम आहे.

बाई येत्या सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास तुला फोन करणार आहेत. उचल.

कुमुद